कुठं दुखतं आणि कधी दुखतं? म्हाताऱ्या पायांविषयी थोडं

मामांची डाव्या पायातली चप्पल वाटेत कुठंतरी निसटली आणि ते तसेच घरापर्यंत चालत आले. मे महिना, दुपारची साडेबाराची वेळ आणि सोलापूरचं ऊन. त्या वेळी डांबरावर अनवाणी दहा पावलं कुणी टाकून दाखवावीत. मामा अशोक चौकातून घरापर्यंत आले. दारात मामींनी विचारलं, "अहो, एक चप्पल कुठंय?" तेव्हा कुठं त्यांनी खाली पाहिलं. तळव्यावर रुपयाएवढा फोड आला होता. दुखत मात्र काहीच नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात आमच्या आईची तक्रार नेमकी उलटी होती. "सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यागत होतंय बघ." भिंतीला धरून मोरीपर्यंत जायची, चहा उकळेस्तोवर पाय जरा सैल व्हायचा आणि मग दिवसभर घरात फिरायची.

नातेवाइकांनी दोघांनाही एकच निदान दिलं: वय झालं. आईकडं सगळ्यांचं लक्ष, कारण ती कण्हत होती. मामांकडं कुणाचंच नाही, कारण त्यांना काही होत नव्हतं. खरं तर घाई मामांच्या पायाची करायला हवी होती. हे मला बऱ्याच उशिरा कळलं, म्हणून हे लिहितोय.

पाय दुखतो असं कुणी सांगितलं की दोन प्रश्न विचारायचे: नेमकं बोट ठेवून दाखव कुठं दुखतं, आणि कधी दुखतं? या दोन उत्तरांतच डॉक्टरांना अर्धं निदान मिळतं.

पण आधी पावलाविषयी. एका पावलात २६ हाडं असतात, दोन्ही मिळून ५२. साऱ्या शरीरात २०६. म्हणजे हाडांचा चौथा हिस्सा आपण चपलेत घालून फिरतो. टाचेखाली चरबीची एक गादी असते, बारीक बारीक कप्प्यांत भरलेली. तरुणपणी ती दाबली की परत फुगते. वय वाढतं तशी ती पातळ होते आणि बसते, जुन्या कापसाच्या गादीसारखी. फरक इतकाच की ही पिंजून परत भरता येत नाही. सांध्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या सैल पडतात, कमान खाली बसते आणि पाऊल लांब-रुंद होतं. चाळिशीत सहा नंबर घालणारीला पासष्टीत सात नंबर लागू शकतो. दुकानात मात्र ती सवयीनं सहाच मागते.

त्यात आपल्या गावचे धंदे पायावर उठणारे. यंत्रमागावर पाळीभर सिमेंटच्या फरशीवर उभं राहायचं, नाहीतर विड्या वळायला मांडी घालून तासन्‌तास बसायचं. आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. तिच्या दोन्ही घोट्यांच्या बाहेरच्या बाजूला काळे, कातड्यासारखे घट्टे आहेत; मांडी घातली की जमिनीला टेकतो तोच हा भाग. हे घट्टे दुखत नाहीत. ती त्यांना आपली पेन्शन म्हणते.

आईची टाच

सकाळचं पहिलं पाऊल, टाचेच्या खाली आतल्या बाजूला टोचणं आणि चार पावलांनी बरं वाटणं: एवढं ऐकलं की डॉक्टर बहुतेक वेळा प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट साधी. पावलाची कमान धनुष्यासारखी धरा. तिची दोरी म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा एक जाड पट्टा. रात्री झोपेत पाऊल खाली पडलेलं असतं, तेव्हा हा पट्टा आखडतो. सकाळी अचानक अख्खं वजन त्यावर आलं की तो ओढला जातो आणि जिथं टाचेला चिकटलेला असतो तिथंच कळ येते. थोडं चाललं की तो सैल होतो. फार वेळ उभं राहिलं किंवा बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच.

एक्स-रे काढला की बऱ्याचदा टाचेच्या हाडाला पुढं आलेला काटा दिसतो. मग "टाचेचं हाड वाढलंय" हे वाक्य घरात कायमचं मुक्कामाला येतं. आईनंही ते शेजारपाजारी सगळ्यांना सांगून टाकलं. पण टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्येही हा काटा सापडतो. दुखणं बहुतेक वेळा त्या पट्ट्याचं असतं, काट्याचं नाही. म्हणून काटा काढून टाकायची घाई सहसा कुणी करत नाही.

उपाय फुकटचा आहे आणि त्यामुळेच त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधीच पट्टा ताणून घ्यायचा. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आईला हे शिकवलं तेव्हा तिच्या उशाशी घरचाच सोलापुरी टॉवेल होता. पाय लांब करून बसायचं, टॉवेल पावलाच्या पुढच्या भागाला अडकवायचा, दोन्ही टोकं हातात धरून बोटं आपल्याकडं ओढायची आणि दहा आकडे मोजायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. याशिवाय भिंतीला हात टेकवून एक पाय मागं, टाच जमिनीला चिकटलेली, अशी पोटरी अर्धा मिनिट ताणायची. पोटरी आखडलेली असेल तर तळव्यावरचा ताण वाढतो. घरात शहाबादी फरशीवर अनवाणी फिरणं बंद, मऊ चप्पल घालायची. आईला हे पटायला महिना गेला. "घरात चप्पल? देवघर आहे की इथं." शेवटी घरातली चप्पल वेगळी आणली, ती उंबऱ्याबाहेर जात नाही.

दीड महिन्यात तिला फरक पडला. बहुतेकांचं हे दुखणं ऑपरेशनशिवाय वर्षभराच्या आत थांबतं, पण धीर धरावा लागतो. टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, त्यानं काही आठवडे आराम पडतो. मात्र वारंवार घेतलं तर ती आधीच पातळ झालेली गादी आणखी पातळ होते आणि कधी पट्टा तुटतोही.

टाचेच्या दुखण्याचे आणखी दोन प्रकार आईच्या दुखण्याशी गल्लत होण्यासारखे आहेत. टाचेच्या अगदी मधोमध, उभं राहील तसं वाढत जाणारं आणि सकाळी विशेष नसलेलं दुखणं बहुधा गादी बसल्याचं असतं. त्याला ताणण्यापेक्षा मऊ तळ हवा. आणि हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाची टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबल्यावर जोरात दुखली, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तिथं व्यायाम नको, आधी डॉक्टर.

बोटं, नखं आणि जोडवी

अंगठा इतर बोटांकडं कलतो आणि त्याच्या बुडाशी हाडाचा उंचवटा बाहेर येतो. हे बायकांत जास्त. घराण्यात असतं, आणि निमुळत्या चपलांनी बळावतं. ऑपरेशन दिसण्यासाठी करू नये, चालणं अवघड झालं तरच विचार करावा.

कुरूप म्हणजे कातडीनं दाबाला दिलेलं उत्तर. जिथं हाड आणि चप्पल यांच्यामध्ये कातडी चेंगरते तिथं ती जाड होत जाते आणि मधोमध टोकदार खुंटी आत घुसते. कुरूप कापलं पण चप्पल तीच ठेवली, तर महिन्याभरात ते परत हजर.

मध्यरात्री अचानक अंगठ्याचा सांधा लाल, गरम आणि सुजलेला; सोलापुरी चादर राहू द्या, पातळ पंचाही अंगठ्याला लागलेला सहन होत नाही. हा गाऊट, युरिक अॅसिडचे खडे सांध्यात साचल्यानं होणारा. नेमक्या दुखण्याच्या दिवसांत रक्तातलं युरिक अॅसिड नॉर्मल येऊ शकतं, त्यामुळं एका रिपोर्टवर "गाऊट नाही" असं ठरवू नये. सूज उतरवायला लघवी जास्त होण्याच्या ज्या गोळ्या देतात, त्यांतल्या काहींनी युरिक अॅसिड वाढतं. आणि मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेली दुखण्याची गोळी म्हाताऱ्या मूत्रपिंडाला फार महागात पडते.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, ती बुरशी. मलम लावतात सगळेच, बेचक्या कोरड्या कुणी करत नाही. अंघोळीनंतर बोटाबोटांमधून पंचाचं टोक फिरवणं मलमाइतकंच महत्त्वाचं. जोडव्यांखालची कातडी तर कायम ओलसर असते. बोट सुजायला लागलं की जोडवं रुततं आणि मग कापूनच काढावं लागतं. आजीच्या पायातली चाळीस वर्षांची जोडवी उतरवणं ही नाजूक गोष्ट आहे, मला माहीत आहे. निदान रात्री सैल आहेत का एवढं बघा.

नखं सरळ कापायची, कोपऱ्यात खोल गोल करून नाही. नाहीतर कोपरा मांसात वाढतो. पण सत्तरीतल्या माणसाला वाकता येत नाही, मोतिबिंदूनं दिसत नाही आणि नखं जाड झालेली असतात. हे काम दुसऱ्यानंच करायचं आहे.

थांबलं की थांबतं

सोलापूरहून कोजागरीला तुळजापूरला चालत जाणारे लाखो लोक आहेत, अंतर सुमारे ४५ किलोमीटर. आमच्या गल्लीतल्या एक काकांनी तीस-पस्तीस वर्षं ही वारी केली. मग एका वर्षी म्हणाले, "पोटरी भरून येते, जमत नाही." किती चालल्यावर? "इथून दोन लायटीचे खांब." मग काय करता? "जरा उभा राहतो, जातं. परत दोन खांब."

हे मोजून-मापून येणारं दुखणं पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं असतं. चालताना पोटरीच्या स्नायूला जास्त रक्त लागतं, नळी अरुंद असल्यानं ते पोहोचत नाही, स्नायू ओरडतो. थांबलं की मागणी कमी होते आणि दुखणं जातं. विडी-सिगारेट हे याचं सगळ्यात मोठं कारण, मग मधुमेह. पुढची पायरी म्हणजे रात्री अंथरुणात पाय दुखणं आणि पलंगाखाली लोंबकळत सोडला की बरं वाटणं, कारण खाली सोडल्यावर रक्त उतारानं जातं. असं कुणी सांगितलं तर वाट बघू नका.

कंबरेतल्या नसा दबल्या तरी चालताना पाय भरून येतात, पण त्या माणसाला नुसतं उभं राहून भागत नाही. त्याला बसावं लागतं, नाहीतर पुढं वाकावं लागतं. सायकल मात्र तो मजेत चालवतो. काकांना उभं राहून आराम पडत होता, त्यावरूनच डॉक्टरांना अंदाज आला. मग त्यांनी पावलावरची नाडी चाचपली आणि घोट्याचं ब्लडप्रेशर मोजून त्याला दंडाच्या ब्लडप्रेशरनं भागलं. भागाकार ०.९ पेक्षा कमी आला तर रक्तपुरवठा कमी. मधुमेह्यांच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात, त्यांच्यात हा आकडा फसवा चांगला येऊ शकतो.

काकांची विडी सुटली, रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी लागली, आणि औषध म्हणून चालणं सांगितलं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. तीन महिन्यांत दोन खांबांचे सहा झाले.

न दुखणारा पाय

आता मामा. पंधरा वर्षांचा मधुमेह. आधी काही वर्षं तळपायांची आग व्हायची, रात्री पाय चादरीबाहेर काढून झोपायचे, मुंग्या यायच्या. मग ते सगळं आपोआप कमी झालं. घरच्यांना वाटलं, गुण आला. खरं तर ओरडणाऱ्या नसांचा आवाज बसला होता.

कंबरेतून निघून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या नसा शरीरातल्या सगळ्यात लांब नसा. साखर बरीच वर्षं जास्त राहिली की आधी मार बसतो तो यांनाच, आणि तोही टोकाकडून. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. माणूस सांगतो, "कापसावर चालल्यासारखं वाटतं." चप्पल निसटली तरी कळत नाही, ही आपल्याकडं डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची तक्रार आहे.

नसा फक्त जाणिवेच्या नसतात. घाम आणणाऱ्या नसा गेल्या की कातडी कोरडी पडते, भेगा पडतात आणि भेगेतून जंतू आत जातात. पावलाच्या बारीक स्नायूंच्या नसा गेल्या की बोटं आकड्यासारखी वाकतात आणि वजन भलत्याच ठिकाणी येतं. तिथं घट्टा होतो. घट्ट्याखाली, बाहेरून काही न दिसता, जखम तयार होते. दुखत नसल्यामुळे माणूस तिच्यावरूनच चालत राहतो.

हे सगळ्यात आधी नीट कळलं ते कुष्ठरोगातून. वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यविशारदांनी दाखवून दिलं की कुष्ठरोग्यांची बोटं आपोआप झडत नाहीत; वेदनाच नसल्यानं रोजच्या जखमा आणि चटके लक्षात येत नाहीत, त्यांतून ती जातात. कुष्ठरोग्यांसाठी वापरात आलेली मऊ एमसीआर (म्हणजे बारीक छिद्रांच्या) रबराची चप्पल आज मधुमेही घालतात, ती यामुळंच. मामांना तीच दिली, मागून पट्टा असलेली. अंगठ्याची चप्पल धरून ठेवायला बोटांना आवळावं लागतं, आणि बधिर बोटांना ते जमत नाही.

अशा पायावर घरगुती उपाय घातक ठरतात. तापलेल्या विटेवर रुईची पानं ठेवून टाच शेकणं आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. आईनं केलं तर ती "चटका बसला गं" म्हणून पाय उचलेल. मामांचा पाय तसाच राहील आणि कातडी भाजून निघेल. कुरपावर बिब्बा, ब्लेडनं तासणं, मेडिकलमधली कुरपाची पट्टी (तिच्यात कातडी जाळणारं आम्ल असतं), गरम पाण्याची पिशवी: बधिर पायाला यांतलं काहीही नको. भेगांना व्हॅसलीन चालेल, कोकमाचं तेलही. बोटांच्या बेचक्यांत मात्र चोपडू नका.

मधुमेह्याचा एकच पाय लाल, गरम आणि सुजलेला असेल आणि दुखणं मात्र किरकोळ असेल, तर त्याला मुरगळा किंवा नुसती सूज समजू नका. आत हाडं पिचत असू शकतात, आणि चालत राहिलं तर पावलाचा आकार कायमचा बिघडतो. पाय टेकवणं बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बोट काळं पडणं, पाय अचानक थंडगार आणि पांढरा होणं, एकच पोटरी एकाएकी सुजणं, जखमेतून लाली वर चढणं आणि ताप येणं, हेही सगळं त्याच दिवसाचं काम. दोन्ही घोट्यांना संध्याकाळी येणारी सूज मात्र वेगळी. ती हृदयाची, मूत्रपिंडाची, शिरांची असू शकते, आणि कधी ब्लडप्रेशरच्या अॅम्लोडिपिन गोळीचीही. गोळी परस्पर बंद न करता विचारायचं.

बधिरपणा नेहमी साखरेचाच असतो असंही नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि पक्का शाकाहारी माणूस असेल तर आणखीच. ते तपासून घ्यावं, भरून काढता येतं.

चपलेचं एक सांगतो. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. त्याआधी घरी जुन्या पेपरवर उभं करून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवा, आकार कापा आणि घरातल्या रोजच्या चपलेवर ठेवा. आईच्या चपलेवर ठेवला तेव्हा कागद दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर आला. ती चप्पल ती चार वर्षं घालत होती.

मामांचा फोड भरायला अडीच महिने लागले. मलमापेक्षा जास्त काम केलं ते त्या जागेवरचं वजन काढण्यानं. आता मामी रोज रात्री त्यांचे दोन्ही तळवे मोबाइलच्या उजेडात बघतात आणि चप्पल घालायच्या आधी आत हात फिरवतात. एकदा त्यातून शेंगदाणा निघाला.

बधिरपणा घरीच ओळखायची एक चाचणी आहे, इंग्लंडातल्या इप्सविच गावच्या नावानं ओळखली जाणारी. समोरच्यानं डोळे मिटायचे. आपण दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला बोटानं हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, ठोकायचं नाही. कळलं की त्यानं सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर जाणीव कमी झाली आहे, डॉक्टरांना दाखवायचं.

फोड आला त्या रात्री मी मामांना खुर्चीवर बसवून हे केलं. डाव्या अंगठ्याला बोट लावलं आणि थांबलो. मामा डोळे मिटून शांत बसलेले. मधल्या बोटाला लावलं. काही नाही. करंगळीला लावलं.

"अरे लाव की," मामा म्हणाले, "किती वेळ बसवून ठेवतोस?"